क्युसेकराव, नेमकं किती पाणी सोडलंत?

माननीय क्युसेकराव यांस,
मुक्काम : धरणाचा सांडवा, पावसाळ्यात टीव्हीच्या पडद्याची खालची पट्टी.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, जुलै उजाडला आहे आणि तुमचा हंगाम सुरू झाला आहे. एरवी वर्षभर कालव्यावरच्या पाटकऱ्याशिवाय तुमची आठवण कोणी काढत नाही. पण घाटमाथ्याला दोन दिवस पावसाने झोडपलं, की तुमच्या नावावाचून एकही बातमी पुरी होत नाही. खडकवासल्यातून पंचवीस हजार, कोयनेतून पन्नास हजार, अलमट्टीतून अडीच लाख! एवढे आकडे आम्ही एरवी मतमोजणीच्या दिवशीच ऐकतो, आणि तेही असेच दर फेरीला बदलत असतात. फरक इतकाच, की मतमोजणीच्या आकड्यांनी कोणाचा फ्रिज वाहून जात नाही.

हे पत्र तक्रारीचं आहे. तक्रार आदराने केली तर निदान टपाल नोंदवहीत तरी चढते, असा कचेऱ्यांचा रिवाज असल्यामुळे वर ‘माननीय’ लिहिलं आहे. त्याचा फार अर्थ लावू नका.

आधी तुमची ओळख करून देतो, कारण ज्यांच्या घरात तुम्ही शिरता त्यांना ती कोणी करून दिलेली नसते. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी घ्यायची. तेवढं पाणी दर सेकंदाला एखाद्या जागेवरून पुढे सरकलं की तो एक क्युसेक. लिटरमध्ये सांगायचं तर २८.३२. गच्चीवरची हजार लिटरची टाकी तुम्ही एकटे ३५ सेकंदांत भरता, दहा हजार लिटरचा टँकर सहा मिनिटांच्या आत. म्हणजे एकटेदुकटे असता तेव्हा तुम्ही अगदी घरगुती, सालस. पंचवीस हजारांचा जमाव जमवून आलात की मात्र सेकंदाला सात लाख लिटर होतात. घड्याळ एकदा ‘टिक’ करेपर्यंत सत्तर टँकर.

तर, तुमची पहिली खोडी ही की सेकंद तुम्ही पोटात घालून हिंडता आणि बाहेर कोणाला पत्ता लागू देत नाही. बिचारे निवेदक मग आपल्या पदरचा आणखी एक सेकंद जोडतात आणि ‘पंचवीस हजार क्युसेक प्रतिसेकंद वेगाने विसर्ग’ अशी बातमी वाचतात. हे शब्दशः खरं मानलं तर दर सेकंदाला नदीचा प्रवाह आणखी पंचवीस हजारांनी वाढला पाहिजे. ॲमेझॉन ही जगातली सगळ्यात मोठी नदी सरासरीने सेकंदाला सुमारे दोन लाख घनमीटर पाणी समुद्रात ओतते. निवेदकाच्या हिशेबाने आमची मुठा तिला पाच मिनिटांत मागे टाकेल. हा पराक्रम अजून कोणी लकडी पुलावरून पाहिलेला नाही, याचं श्रेय नदीच्या संयमाला द्यायला हवं.

याच्या उलट चूक जास्त घातक आहे आणि ती शिकलेले लोक करतात. ‘सकाळी दहाला पंचवीस हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले.’ सोडण्यात आले, म्हणजे संपलं का? एक तास सोडलं की तीन दिवस? तुम्ही प्रवाह मोजता, साठा मोजत नाही, हे या वाक्यात कुठेच कळत नाही. पंचवीस हजार तासभर वाहिले तर नऊ कोटी घनफूट, म्हणजे ०.०९ टीएमसी. तेच दिवसभर वाहिले तर २.१६ टीएमसी. आता गंमत बघा, खुद्द खडकवासला धरणाचा उपयुक्त साठाच १.९७ टीएमसी आहे. वरून थेंबही आला नाही तर पंचवीस हजारांच्या दराने हे धरण बावीस तासांत रिकामं होईल.

म्हणजे पुण्याच्या डोक्यावर जे पाणी आहे ते खडकवासल्याचं नाहीच. वर वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१. मोसी, आंबी आणि मुठा या तिघींचं पाणी शेवटी खडकवासल्याच्या दारातूनच बाहेर पडतं. ही तीन धरणं भरलेली असली की चौथ्याला साठवायला जागा नसते. वरून जेवढा येवा येईल तेवढा खाली सोडून देणं एवढंच त्याच्या हाती उरतं. म्हणून तुमचा आकडा दर तासाला बदलतो. पूरनियंत्रण कक्षातल्या माणसाचा त्यात दोष नाही; भरलेल्या छोट्या धरणाला स्वतःचं असं मतच नसतं. हे एवढं साधं यंत्र दरवर्षी कोणीतरी समजावून सांगेल अशी आशा होती. पण तुमचा आकडा एवढा भारदस्त, की तो एकदा उच्चारला की पुढे काही सांगायची गरज कोणालाच वाटत नाही.

आणि भारदस्त तरी किती? आकडे येतात ते शेवटच्या एककापर्यंत, ‘सत्तावीस हजार दोनशे तीन’ अशा थाटात. ऐकणाऱ्याला वाटतं, सांडव्याला मीटर बसवला आहे आणि शेवटचे तीन क्युसेक कोणीतरी हाताने मोजून घेतले आहेत. प्रत्यक्षात वक्राकार दरवाजा किती उचलला आणि त्यामागे पाणी किती उंच उभं आहे, यांवरून तक्त्यात पाहून विसर्ग काढतात. त्या तक्त्यामागे सूत्र असतं, सूत्रात प्रयोगातून ठरवलेला गुणांक असतो, आणि गुणांकाला थोडं इकडेतिकडे होण्याची मुभा असते. त्यात पाण्याच्या उंचीचं गणित सरळ नाही. दरवाजामागची उंची चौपट झाली तर विसर्ग दुप्पट होतो, चौपट नाही. म्हणूनच ‘दरवाजे दोन फुटांनी उचलले’ एवढ्यावरून काही कळत नाही. धरण काठोकाठ असताना उचललेले दोन फूट आणि निम्मं असताना उचललेले दोन फूट वेगळे. हे सगळं शास्त्र जिथे छोट्या प्रतिकृती बांधून अभ्यासलं जातं ती १९१६ साली सुरू झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था खडकवासल्यालाच आहे, धरणाच्या शेजारी. ज्ञान तुमच्या अंगणात आहे, क्युसेकराव. बातमीपर्यंत येताना तेवढं वाहून जातं.

बरं, हा आकडा ऐकून काठावरच्या माणसाने काय करायचं? त्याला एकच गोष्ट हवी असते : पाणी माझ्या पायरीला लागेल का, आणि कधी? याचं उत्तर तुमच्याकडे नाही. तेच पंचवीस हजार रुंद पात्रात पसरून निजतात आणि अरुंद पात्रात उभे राहतात. पात्रात भराव टाकला, राडारोडा ओतला, पुलाच्या कमानीत झाडं-झुडपं अडकली, की त्यांना निजायला जागा उरत नाही. ते वर चढतात. मग चौकशीत कागद पुढे येतो की विसर्ग तर मागच्या वेळेपेक्षा कमीच होता! कागद खोटं बोलत नाही. तुम्ही कमीच होतात. पात्र त्याहून कमी झालं होतं, पण ते मोजायचं काम तुमच्याकडे नाही. भरावाच्या ठेकेदाराला तुमच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा मिळायचा नाही.

शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस तुमच्या खात्यात कुठेच नसतो. धरण आणि शहर यांच्यामधला शंभर चौरस किलोमीटरचा मुक्त पाणलोट धरा आणि त्यावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस. सगळं पाणी वाहून आलं तर होतात एक कोटी घनमीटर. दिवसभराची सरासरी सेकंदाला ११६ घनमीटर. तुमच्या भाषेत चार हजारांच्या वर. हे चार हजार कोणत्याही दरवाजातून आलेले नसतात, म्हणून कोणत्याही पट्टीवर येत नाहीत. ते ओढ्यांतून येतात, आणि ओढ्यांवर आम्ही सोसायट्या बांधल्या आहेत.

या बाबतीत सांगली-कोल्हापूरकर आम्हा पुणेकरांपेक्षा शहाणे, आणि हे लिहिताना पुणेकर म्हणून हात थरथरतो. तिथे पूर आला की माणसं क्युसेक विचारत नाहीत. ‘आयर्विनला किती फूट?’ एवढंच विचारतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं की अमुक फुटांना आपला रस्ता जातो आणि तमुक फुटांना आपला जिना. मोजमाप इंग्रजीच, फुटातलंच. पण ते घराच्या उंबऱ्याला लावून बघता येतं. तुम्हाला कशाला लावून बघायचं?

आता तुमच्या गोतावळ्याकडे वळतो, कारण तुम्ही एकटे नाही आहात. थोरले बंधू टीएमसी : अब्ज घनफूट. चोवीस तास ११,५७४ क्युसेक सोडले की ते एकदा जन्माला येतात. लिटरमध्ये मांडायचे तर २,८३२ कोटी. मग शहरात नोकरीला लागलेले धाकटे, एमएलडी : दिवसाला दहा लाख लिटर. तुम्ही एकटे दिवसभर वाहिलात की त्यांचे जवळजवळ अडीच होतात, नेमके २.४५. दिल्लीकडचे एमजीडी वेगळेच. ते गॅलनमध्ये बोलतात, आणि गॅलन इंग्रजी असेल तर ४.५५ लिटर, अमेरिकी असेल तर ३.७९. परदेशी पंपाचा कागद वाचणाऱ्याने आधी गॅलनचा पासपोर्ट तपासायचा.

पण सगळ्यांत पोचलेली जोडी आपल्या घरचीच आहे : दलघफू आणि दलघमी. दशलक्ष घनफूट आणि दशलक्ष घनमीटर. शेवटचं अक्षर सोडलं तर जुळे भाऊ, आणि दोघांत पस्तीस पटींचा फरक. नाशिकला धरणसाठा दलघफूत सांगायची रीत, पैठणला दलघमीत. त्यामुळे गंगापूर धरणाचा साठा ५,६३० आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ असे दोन आकडे शेजारीशेजारी छापले, तर कोणालाही वाटेल की नाशिकचं गंगापूर जायकवाडीच्या अडीचपट आहे. खरं तर गंगापूर म्हणजे १५९ दलघमी. जायकवाडीत अशी तेरा गंगापूर मावतील आणि थोडी जागा उरेल. आणि हेच दोन जिल्हे, हीच एक गोदावरी. तूट असली की २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातल्या समन्यायी वाटपावरून वरच्यांनी खाली किती सोडायचं हा वाद कोर्टाची पायरी चढतो. एका बाजूचा कागद फुटात, दुसऱ्या बाजूचा मीटरमध्ये. वरून क्युसेकमध्ये सोडलेलं खाली दलघमीत पोचतं, आणि वाटेत किती जिरलं, किती वाफ झाली, किती मोटारी रात्री चालल्या, हे सगळं त्या ३५.३१च्या भागाकारात सुखाने लपून बसतं. वजाबाकी करायची तर दोन्ही रकमा एकाच नाण्यात लागतात, हे दुसरीतल्या मुलाला कळतं. मोठ्यांना ते न कळणं सोयीचं असावं.

मुंबईचंच घ्या. सात तलाव, मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. वाचताना दम लागतो. टीएमसीत हे ५१ होतात, कोयनेच्या १०५.२५च्या निम्म्याहून कमी. आणि मुंबईला रोज मिळणारं सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी तुमच्या हिशेबात किती? १,५७४ क्युसेक. बस्स! ज्या महानगराच्या तहानेवर एवढे लेख लिहिले गेले ती तहान तुमच्या पट्टीवर आली असती तर ‘किरकोळ विसर्ग’ म्हणून कोणी छापलीही नसती. कोयनेच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू झाली की २,१०० क्युसेक नदीत जातात. बातमीत ते ‘फक्त पायथा वीजगृहातून’ असे येतात. ते ‘फक्त’ म्हणजे दिवसाला ५,१३८ दशलक्ष लिटर. अख्खी मुंबई पिऊन, धुऊन, फ्लश करून उरेल एवढं.

आणि पश्चिमेकडे? कृष्णा लवादाने कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी विजेसाठी पश्चिमेला वळवायची मुभा दिली. ते वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि समुद्राला मिळतं. ते मुंबईला आणावं की दुष्काळी पट्ट्यात ठेवावं यावर भाषणं खूप झाली आहेत. मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो की मुंबई वर्षाला जेवढं पाणी घेते ते पन्नास टीएमसीच्या जरासं आत येतं, हे एक वाक्य त्या भाषणांत यायला हवं होतं. येत नाही, कारण मुंबई दशलक्ष लिटरमध्ये पिते आणि कोयना टीएमसीत वाहते, आणि दोघींची गाठ घालून देणारा भटजी कोणी ठेवलेला नाही.

कालवा सल्लागार समितीची बैठक हा तुमच्या कुटुंबाचा खरा मेळावा. जलसंपदाचे अभियंते टीएमसी मांडतात. महापालिकेचे अधिकारी एमएलडी मांडतात. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आवर्तनं आणि दिवस मांडतात : ‘उन्हाळी दोन आवर्तनं पाहिजेत, एवढंच सांगा!’ प्रत्येक जण आपापल्या एककात खरं बोलतो आणि सगळे मिळून कोणालाच काही पटत नाही. वास्तविक खडूने फळ्यावर एक ओळ पुरे : वर्षाला एक टीएमसी म्हणजे रोजचे ७७.६ एमएलडी, म्हणजे अखंड ३१.७ क्युसेक. ही ओळ लिहिली की पालिकेने किती उचललं आणि किती उचलल्याचं सांगितलं हे तिथल्या तिथे उघडं पडेल. कालव्याच्या मुखाशी सोडलेलं आणि शेवटच्या चारीला पोचलेलं, यांतलं अंतरही. म्हणून खडू आणत नसावेत.

तुम्ही माणसांना सारखं तोलता असंही नाही. तुम्ही एकटे दिवसभरात साडेचोवीस लाख लिटर देता. शहरी माणसी १३५ लिटरच्या निकषाने त्यात अठरा हजारांचं गाव जगतं. जलजीवन मिशनच्या ग्रामीण ५५ लिटरने वाटलं तर चव्वेचाळीस हजार माणसं. क्युसेक तोच. कोणत्या पाइपात शिरतो त्यावर किती तोंडं धरायची ते ठरतं. पण यात दोष तुमचा नाही हे मान्य करतो; तुमच्यावर प्रत्येक पाप लादणं बरं नव्हे.

खेड्यातला तुमचा चुलत भाऊ मात्र तुमच्याहून बेरकी आहे. त्याचं नाव इंच. बोअरची गाडी रात्रभर धडधडते, पहाटे चिखलाचं पाणी उसळतं आणि शेतकरी विचारतो, ‘किती लागलं?’ ‘दोन इंच.’ लांबी मोजायच्या एककात प्रवाह सांगायची ही कला तुमच्याही खानदानात दुसऱ्या कोणाला साधली नसेल. त्यामागे खरं शास्त्र आहे : पत्र्याला नव्वद अंशांची त्रिकोणी खाच पाडायची, पाणी तीतून वाहू द्यायचं आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच चढलं ते मोजायचं. दोन इंच चढलं तर तासाला सुमारे २,९०० लिटर. आता शेजारच्या वावरात चार इंच लागलं, तर किती? दुप्पट म्हणाल तर फसलात. सोळा हजारांच्या वर, साडेपाचपटीहून जास्त, कारण खाचेत उंचीबरोबर रुंदीही वाढते आणि वेगही. त्यामुळे ‘अडीच इंच आहे हो, तीनच्या जवळपास’ असं म्हणून कोणी डाळिंबाची बाग लावायला सांगितली, तर त्या अर्ध्या इंचात बागेचा जीव असतो. आणि पुष्कळदा हा इंच खाचेचा नसतोच. पाइपाच्या तोंडाचा असतो. दोन इंची पाइप अर्धा भरून वाहिला तरी ‘दोन इंच’. पुढे तोच शेतकरी दुकानात जातो. पंपाच्या पाटीवर लिटर प्रतिसेकंद किंवा घनमीटर प्रतितास, ठिबकच्या नळीवर लिटर प्रतितास. एका लिटर प्रतिसेकंदाचे ३.६ घनमीटर प्रतितास होतात, हे त्या पाटीवर लिहायला जागा नव्हती म्हणे. कंपनीच्या नावाला होती. जाता जाता सांगतो, तासाला चार लिटर टाकणारे पंचवीस हजार ड्रिपर तुमच्या एकट्याच्या बरोबरीचे. सांडव्यावरून तुम्ही जेवढे उधळता त्यातल्या एकात बऱ्याच बागा भिजतात.

हे रूपांतर अवघड आहे असं कोणी म्हणेल, तर त्याला जवळच्या रुग्णालयात रात्रपाळीला पाठवा. डॉक्टर लिहून जातात : एक लिटर सलाइन, आठ तासांत. मिलिलिटरला वीस थेंबांचा सेट असला तर मिनिटाला बेचाळीस थेंब, हा हिशेब तिथल्या सिस्टर पहाटे तीनला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, थेंब मोजत जुळवतात. सेट साठ थेंबांचा असेल तर आकडा वेगळा, तोही त्यांना ठाऊक असतो. एका माणसाच्या शिरेतला प्रवाह नीट मोजता येतो आणि पन्नास लाखांच्या शहरातून जाणाऱ्या नदीचा नीट सांगता येत नाही.

तुम्ही इथे राहिलात कसे, हेही कोडं नाही. एकोणिसाव्या शतकात नीरा-मुठेचे कालवे खोदणाऱ्या साहेबाचं तुमच्याशी छान जमलं होतं. तुम्ही तासभर वाहिलात की ३,६०० घनफूट होतात. एकरभर रानावर एक इंच पाणी उभं करायला ३,६३० लागतात. एक टक्क्याचाही फरक नाही. तासाला एकर-इंच, दिवसाला जवळपास दोन एकर-फूट! घोड्यावर बसूनही हिशेब व्हावा असं देखणं गणित. त्या काळात तुम्ही खरोखर कामाचे होतात, आणि हे मी उपरोधाने लिहीत नाही.

पण पुढे एक ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक पद्धत येऊ लागली, १९६२पर्यंत ती सक्तीची झाली. शेर गेला, मण गेला, पायली गेली. आजीच्या तोळ्यालाही दहा ग्रॅमच्या चौकटीत बसावं लागलं. सातबारा हेक्टर-आरमध्ये आला. पाऊस इंचांतून मिलिमीटरमध्ये गेला, आणि किती सोय झाली : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. वर मुक्त पाणलोटाचा हिशेब केला तो तोंडी जमला तो यामुळेच. अडखळलो ते शेवटी, तुमच्यात रूपांतर करताना. २००९च्या वैधमापन कायद्याचं चौथं कलम म्हणतं की या देशात प्रत्येक एकक मेट्रिक पद्धतीनुसारच असेल. बाजारात दगडाच्या वजनाने कांदे विकणाऱ्याला वैधमापन शास्त्राचा निरीक्षक पावती फाडायला लावतो. तुम्ही भिंतीवर बसून लाखोंनी पाणी मोजता आणि तुमच्याकडे कोणी वळून बघत नाही. केंद्रीय जल आयोग पूर घनमीटरमध्ये मोजतो, तुम्ही घनफुटात. दोन्ही आकडे एकाच दिवशी फिरले की पूर पस्तीसपट ओसरला की पस्तीसपट चढला, हे ज्याने त्याने आपल्या स्वभावानुसार ठरवायचं.

तुम्हाला हद्दपार करा, अशी माझी मागणी नाही. कृष्णेचे २,०६० टीएमसी तीन राज्यांत वाटले गेले ते तुमच्याच घराण्याच्या भाषेत. महाराष्ट्राचे ५६० त्याच कागदावर आहेत. तो कागद मीटरमध्ये लिहायला बसलं तर दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यावरून नवा लवाद नेमावा लागेल. तेव्हा कागदावर सुखाने राहा. पट्टीवरून तेवढे उतरा, किंवा निदान थोडे सरका. तुम्ही जिथे एकटे बसता तिथे आणखी तीन गोष्टींना जागा द्या : सेकंदाला किती घनमीटर, कोणत्या पुलापाशी किती वाजता पोचणार, आणि तिथे पाणी किती उंचीवर जाणार. ‘रात्री अकरापासून सेकंदाला ७०८ घनमीटर’ असं सुरू झालेलं वाक्य पुलाच्या नावावर आणि उंचीवर संपलं, की काठावरची बाई गाद्या माळ्यावर टाकायच्या की मुलांना घेऊन बाहेर पडायचं ते स्वतः ठरवेल. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल रेषा नकाशावर मारताना विसर्गाचं उंचीत रूपांतर करता येतंच ना? बांधकामाची परवानगी देताना, नाकारताना, आणि नाकारून पुन्हा देताना ते गणित बरोबर सुटतं. तेच पुराच्या रात्री सुटायला काय हरकत आहे?

बाकी सर्व क्षेम. वरसगाव भरल्याचं कळलं. उत्तर धाडणार असाल तर लिटरमध्ये धाडा, आणि ते किती वाजता पोचेल तेही लिहा.

आपला,
निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधला एक करदाता